भज्यांच्या तेलावरचं इंजिन

अवसरी बुद्रुकच्या मळ्यांत एके काळी घड्याळावाचून कुणाचंच अडत नव्हतं. विहिरीविहिरीवर डिझेलची इंजिनं होती आणि कुणाचं इंजिन चालू आहे, कुणाचं बंद पडलं, हे बायका चुलीपुढे बसून सांगत. एकाचं खोकत चालायचं, दुसऱ्याचं उगाच धडधडायचं. ठकूबाईच्या नवऱ्याचं, भगवंताचं, इंजिन मात्र शहाणं होतं. टुक टुक टुक, बास. दोन वावरं ओलांडून तो आवाज तिच्या स्वयंपाकघरात यायचा.

त्या आवाजावर तिचा स्वयंपाक चालायचा. इंजिन बंद झालं की तवा टाकायचा, हा नियम. पीठ आधीच मळलेलं. पहिली भाकरी फुगेपर्यंत भगवंत पाट बंद करायचा, दुसरीला बांधावर यायचा आणि तिसरी तव्यावरून उतरताना दारातल्या दगडावर त्याच्या पाय धुण्याचं पाणी पडायचं. वीस वर्षांत त्या माणसाने गार भाकरी खाल्ली नाही. याचा ठकूबाईला केवढा तरी ताठा होता, आणि का असू नये.

अठ्ठ्याण्णवच्या माघात मात्र हे गणित चुकलं. सूर्य डोक्यावर आला, परातीतलं पीठ वरून वाळायला लागलं, तरी इंजिन आपलं टुक टुक चालूच. "आज काय विहीर उपसून घरी आणत्यात का काय," असं ती चिडून पुटपुटली. मग ते दोन-तीनदा अडखळलं, गुदमरल्यासारखं झालं आणि गप्प झालं. भगवंत हाताने बंद करायचा तेव्हा ते असं कधी करायचं नाही. हळूहळू मंद होत, दमलेला बैल खाली बसतो तसं बसायचं. आवाज वेगळा आहे हे तिला कळलं होतं. तरी तिने तवा टाकला. तिसरी भाकरी उतरली, दगडावर पाणी पडलं नाही. तिने चौथी थापली. आणि मग ती पळाली.

भगवंत पाटाच्या कडेला पडला होता, खोरं तसंच हातात. डॉक्टर म्हणाले, सकाळीच गेलेत. म्हणजे मालक नसलेलं इंजिन डिझेल संपेपर्यंत पाणी उपसत राहिलं होतं, आणि ते चालू आहे म्हणून ती घरात निर्धास्त बसली होती. ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नाही. आठ वर्षं हाच एक काटा तिच्या काळजात होता, की मी आधी उठून का गेले नाही.

त्याच वर्षी विहिरीवर विजेची मोटर बसली. इंजिनावर पोतं पडलं.

मग आलं दोन हजार सहा साल. दिवसातून आठ-आठ, दहा-दहा तास वीज गायब, पण म्हणून जुन्या इंजिनाची कुणाला आठवण येईल तर शपथ. ठकूबाईचा मुलगा अमृत चाकणला कंपनीत होता, खोली करून राहायचा आणि रविवारी घरी यायचा. एका रविवारी जेवताना म्हणाला, "आई, पुढच्या रविवारी भंगारवाला टेम्पो घेऊन येतोय. ते इंजिन देऊन टाकू."

"ऱ्हाऊ दे की. खातंय का पितंय?"

"पितंय, तेच तर. डिझेल पितंय. तुला नुसतं बघायला पायजे का ते?"

ऐकायला पायजे, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण असलं काही पोराला सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. तिने नुसती आमटी वाढली.

तिची सून हर्षाली मंचरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सासूला ती आत्या म्हणायची. आत्याने आमटी वाढताना मान वर केली नाही हे तिने बरोबर टिपलं. "अहो, डिझेलशिवाय चालवून दाखवलं तर ठेवाल?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मग काय, ताकावर चालवतीस?"

"भज्यांच्या तेलावर."

अमृतला हसता हसता ठसका लागला. पण हसत हसतच तो हो म्हणाला, आणि हर्षालीला तेवढं बास होतं.

मंचरच्या स्टँडजवळ सोमाजीची भज्यांची गाडी होती. तळून तळून काळं पडलेलं तेल तो गटारात ओतायचा. हर्षालीने त्याच्याकडून दोन डबे भरून आणले. घरभर कांदाभज्यांचा वास. जुन्या लुगड्यातून तेल गाळलं, चुलीवर चढवलं आणि त्यातलं पाणी पार उडेपर्यंत तापवलं. "आत्या, पाण्याचा थेंब राहता कामा नये," हे ती तीनदा म्हणाली. बाकीची रीत तिने सोपी करून सांगितली: कॉस्टिक सोडा मिथेनॉलमध्ये विरघळवायचा, ते या तेलात ढवळायचं आणि दिवसभर निवळू द्यायचं. खाली काळपट पाक बसतो, वर इंजिनाला चालणारं पातळ तेल येतं. मिथेनॉल विषारी, म्हणून ते काम तिने तोंडाला फडकं बांधून, हातमोजे घालून अंगणाच्या टोकाला मांडलं.

गुरुवारी तेल निवलं. दहा लिटरचं पातेलं ओट्यावर ठेवून हर्षाली सोडा-मिथेनॉलचं मिश्रण आणायला अंगणात गेली. ठकूबाई एकटी पातेल्यापाशी राहिली आणि तिच्या मनात आलं, पोरगी शिकलेली खरी, पण नव्या कामाला नारळ नको का फोडायला?

इंजिन मंचरहून बैलगाडीत आलं होतं, त्या दिवशी भगवंताने त्याच्या चाकावर नारळ फोडला होता. नारळाचं पाणी इंजिनाच्या सगळ्या अंगावर सोडलं होतं, आणि म्हणाला होता, "घे, आता तू घरचा झालास." ठकूबाई तेव्हा नवी नवरी. तिला तो दिवस जसाच्या तसा आठवला. तिने पातेल्याला हळदकुंकू लावलं, पायरीवर नारळ फोडला, हात जोडले आणि ते पाणी मनोभावे तेलात सोडलं. अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. हर्षालीने परत आल्यावर हळदकुंकू पाहिलं, हसली, आणि मिश्रण तेलात ओतून, ढवळून झाकण ठेवलं.

शुक्रवारी सकाळी हर्षालीने झाकण काढलं तर आत खरवस. चमचा उभा राहील असा घट्ट.

"हा तर साबण झाला," ती मटकन खाली बसली. "पाणी कुठून आलं यात? मी इतकं तापवलं होतं."

ठकूबाईने पायरीवरच्या करवंट्यांकडे पाहिलं. गप्प बसता आलं असतं. पण सून दोन्ही हातांत डोकं धरून बसलेली बघवेना. "माझ्याच हातनं झालं, पोरी. नारळ फोडला म्या. पाणी आत सोडलं."

हर्षाली चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "आत्या, तुम्हाला ते इंजिन इतकं का हवंय?"

आणि आठ वर्षांनी पहिल्यांदा ठकूबाई बोलली. वाळलेलं पीठ, अडखळलेला आवाज, चौथी भाकरी, सगळं. "माझ्या कानात त्योच आवाज ऱ्हायलाय गं. गुदमरल्याला. त्याच्या आधीची वीस वर्सं मला आयकू येत न्हाईत."

हर्षाली रडली. मग पदराला नाक पुसून उठली, दुसऱ्या डब्यात दोनएक लिटर तेल उरलं होतं ते चुलीवर चढवलं आणि सासूला ताकीद दिली, "आता नारळ बाहेरच. आणि पाणी तुम्ही प्यायचं."

शनिवारी ते तेल निवळत होतं, तेव्हा दोघींनी त्या फसलेल्या साबणाने इंजिन घासलं. आठ वर्षांचं वंगण असं सुटलं म्हणता, खालून हिरवा रंग निघाला.

रविवारी अमृत आला. हर्षालीने मधासारखं तेल टाकीत ओतलं. अमृतने हँडल फिरवलं, पण गती आली तरी इंजिन काही पेट घेईना. "असं न्हाई," ठकूबाई पुढे झाली. "तू फिरव. लिवर मी सोडते. आमी दोघं असंच करायचो." तिसऱ्या फेऱ्याला तिने बरोबर वेळ साधून, इंजिनाचा दाब मोकळा ठेवणारी ती लिव्हर सोडली. फक्कन पांढरा धूर निघाला आणि टुक, टुक टुक, टुक टुक टुक.

धुराला भज्यांचा वास. पलीकडच्या बांधावरचा धर्माजी खुरपं टाकून ओरडला, "अमृतभाऊ, चटणी घेऊन येऊ का?" अमृत पोट धरून हसत होता.

ठकूबाई थांबली नाही. ती घरी आली, पीठ मळलं आणि चुलीपुढे बसली. आवाज दोन वावरं ओलांडून येत होता, तोच, शहाणा. बरं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती. तेल मोजकंच होतं. ते संपलं की इंजिन पुन्हा तसंच अडखळणार, हे तिला आता सुचलं होतं, आणि तो आवाज दुसऱ्यांदा ऐकायची तिच्यात ताकद नव्हती. पिठाला पाण्याचा हात लावत ती नुसती बसून राहिली.

इंजिन मंद झालं. अडखळलं नाही. हळूहळू, दमानं, बसलं.

तिने तवा टाकला. पहिली भाकरी फुगली. दुसरी तिने उलटली. तिसरी तव्यावरून उतरली आणि दारातल्या दगडावर पाणी पडलं.

"वाढ गं आई. लई भूक लागलीय," अमृत कोपरापर्यंत काळे हात घेऊन दारात उभा होता. मागे हर्षाली.

"तेल संपलं?"

"न्हाई, हाय अजून. मीच बंद केलं. जेवायची वेळ झाली ना." मग जरा चाचरत तो म्हणाला, "हर्षालीनं सांगितलं मला सगळं. त्या टेम्पोवाल्याला फोन केलाय, येऊ नको म्हणून."

ठकूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही.

"आधी हात धू," ती म्हणाली. "त्या आपल्या साबणानं धू. नुसत्या पाण्यानं न्हाई निघायचं ते."