थाप गिळणारी घोंगडी

मी घोंगडी बोलायलेय. अख्खी न्हाई, हातभर तुकडा. गुलबर्ग्यात एका मोटार-मिस्त्रीच्या परसात गंजक्या पत्र्यांच्या ढिगावर पडलेय. अंगाला डांबर चिकटलंय, म्हणून कुत्रंसुद्धा माझ्यावर बसत न्हाई.

माझा जन्म मंठाळचा. गुरप्पा धनगराच्या मेंढरांची लोकर, त्याची बायको ईरम्मा हिनं काढलेलं सूत, वर चिंचोक्याची खळ. नवी होते तेव्हा अशी ताठ, की भिंतीला टेकवली तर उभी राहायची! ईरम्माची दोन्ही बाळंतपणं माझ्यावर झाली. एकदा चुलीतली ठिणगी उडून मला भोक पडलं, तर तिनं तांबड्या दोऱ्यानं रफू केलं आणि वर मलाच शिव्या घातल्या, "मेले, चुलीजवळ कामून मरायला गेलतीस?" त्या शिव्यांना मी आज तरसतेय.

जगदेवप्पा म्हणजे गुलबर्ग्याचे तूरडाळीचे बडे व्यापारी. मंठाळला त्यांचं मोठं रान होतं. पोलीस ॲक्शननंतर एक जागीरदार मुलूख सोडून गेला, त्याची मोटार ह्यांनी घेतली. दिसायला नवरी, पण चालायला लागली की भांड्यांची पाटी! खडीच्या रस्त्यावर खालून खडे तडतडायचे, दारं खडखडायची. शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागायचं. जगदेवप्पांना तर मोटारीत बसलं की डुलकी हवी.

मिस्त्री म्हणाला, "अप्पा, आवाज मारना है तो डांबर में घोंगडी चिपकाव. नीचे, दरवाजों में, डिकी के पीछे. फिर कुछ सुनाईच नई देता."

जगदेवप्पांनी घोंगडी विकत आणली का? छे! सरळ गुरप्पाच्या खोपटापुढं मोटार उभी केली. "गुरप्पा, ती घोंगडी टाक मोटारीत."

पिकं निघाली की गुरप्पाची मेंढरं जगदेवप्पांच्या रानात चरायची, तिथंच बसायची. न्हाई म्हणायला त्याला तोंड कुठलं? पण ईरम्मा पुढं आली. "अप्पा, थंडीत आमी पांघरायचं काय?"

"मेंढरं हाईत की! त्यांच्यात शिरून निज." जगदेवप्पा हसले. ड्रायव्हर रामकिशन हसला. आणि सांगायला लाज वाटते, पण गुरप्पाही हसला.

मिस्त्रीनं माझे सात तुकडे केले. उकळतं डांबर फासलं तेव्हा मी किती ओरडले, पण घोंगडीचं कोण ऐकतं? तांबड्या रफूचा तुकडा दुहेरी घडी करून डिकी आणि मागच्या शिटामधल्या पत्र्यावर, डिकीच्या बाजूनं बसवला. तो तुकडा म्हणजे मी. आवाज खायचा, हे माझं काम. खोटं कशाला बोलू, मी ते झकास केलं. खडे खाल्ले, इंजिन खाल्लं. जगदेवप्पा तोंड उघडं टाकून घोरायला लागले.

वर्षभरानं ईरम्माच्या पोटात शूळ उठला. वैदानं हात टेकले. जगदेवप्पा त्याच दिवशी दुपारी मंठाळहून निघाले होते. गुरप्पानं मोटारीपुढं लोळण घेतली. "अप्पा, गुलबर्ग्याच्या दवाखान्यात तेवढं पोचवा. तुमचे उपकार फिटायचे न्हाईत."

"नेतो की. मी काय राक्षस हाय व्हय? पण शिटावर न्हाई. गादी नवी हाय. हिला डिकीत निजव, तू पुढं बस, अंग चोरून."

गुरप्पानं तिला डिकीत पोत्यावर निजवलं. रामकिशननं फट ठेवून झाकण दोरीनं बांधलं. गुरप्पा फटीतनं म्हणाला, "ईरे, वाटंत कमलापूरला दवाखाना हाय. लई झालं तर पत्र्यावर दोन थापा मार. मी कान देऊन बसतो. थाप आली की तिथंच उतरवू."

"व्हय," ती म्हणाली.

हुमनाबादला तिनं घोटभर पाणी घेतलं. पुढं कळ वाढली. तिनं हात टेकला, तो नेमका माझ्यावर. बोटं चाचपत रफूवर आली आणि थांबली.

"माझीच हाईस व्हय गं?"

मग तिनं थापा मारल्या. दोन. परत दोन. मी गिळल्या. मुठीनं मारल्या, त्याही गिळल्या. मी काय करू? मला तेवढंच शिकवलेलं! "सांग की गं त्यास्नी," ती म्हणाली. मी सांगू शकले न्हाई.

पुढं गुरप्पा खरंच कान देऊन बसला होता. कमलापूर आलं, गेलं. "थाप न्हाई आली. झोप लागली दिसतंय," तो म्हणाला. किती दिवसांनी त्याचा चेहरा उजळला होता.

"बघ तुझ्या घोंगडीची कमाल!" जगदेवप्पा म्हणाले. "एक खडा तरी वाजायलाय का?"

"न्हाई अप्पा."

गुलबर्ग्यात झाकण उघडलं तेव्हा ईरम्मा गार झाली होती. नखांत माझी लोकर भरली होती.

"थाप मारायला हिचे हात मोडले होते का?" जगदेवप्पा चिडले.

गुरप्पानं तिची नखं बघितली, मला बघितलं. म्हणाला, "मारली हुती, अप्पा." मग त्यानं हात जोडले. "एवढा तुकडा द्या. हिला ह्यात गुंडाळतो. हिच्या हातचा हाय."

"आन् मोटार वाजायला लागली मंग? तुरीचं रिकामं पोतं घे एखादं."

त्यानं पोतं घेतलं.

यंदा जगदेवप्पांनी दुसरी मोटार आणली. जुनी मोडीत काढताना मिस्त्रीनं मला खरवडून इथं फेकलं. नव्या मोटारीसाठी मंठाळला निरोप गेला आणि काल गुरप्पा खांद्यावर नवी घोंगडी घेऊन आला. मेंढरांना रान लागतंच की. घोंगडी ठेवली, "घ्या" म्हणाला आणि मान खाली घालून गेला.

आता मिस्त्री तिला कापायलाय. डांबर उकळायलंय. बाई गं, खडे खा, इंजिन खा, अप्पांचं घोरणंही खा. पण माणसाची थाप आली तर तेवढी पलीकडं जाऊ दे. मला जमलं न्हाई.