दुसऱ्या फेरीचं कुपन

जुलै उजाडला की माझ्या घराची धर्मशाळा होते. आमच्या आत-बाशीच्या डोंगरातून कुणा ना कुणाचं पोर परीक्षेचा दाखला घेऊन बिश्केकला येतं, पोरामागे बाप, बापामागे लोण्याची पिशवी, आणि सगळ्यांचा मुक्काम माझ्या दोन खोल्यांत. का, तर 'गुलबारा एजे आहे की शहरात!' एजे म्हणजे ताई, आत्या, सगळं मीच. इकडे बाजारामागच्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवून माझी पाठ मोडते, जुलै-ऑगस्ट आमचा ऐन हंगाम, पण ते कोण विचारतो?

यंदा माझा धाकटा भाऊ तुरातच आला, आपल्या लेकीला, पेरिझातला घेऊन. सख्ख्या भावाला काय बोलणार? तरी बोललेच.

"पहिल्या फेरीत काय दिवे लावलेत ते ऐकलंय मी. एका नंबराने हुकली ना?"

"एजे, आत तरी येऊ दे," तुरात म्हणाला.

पेरिझात खाली वाकली. सतरा वर्षांची पोर, दारातले सगळ्यांचे बूट ओळीने लावत बसली.

आमच्याकडे प्रवेशाचं असं आहे. शाळा संपली की सगळ्या देशाची एकच परीक्षा. तिच्या दाखल्याच्या खालच्या कडेला तीन कुपनं असतात, तीन फेऱ्यांची तीन. एका फेरीत एक कुपन फाडायचं आणि एकाच ठिकाणी द्यायचं. दिलं की तुमचं नाव आणि गुण भिंतीवरच्या यादीत चढतात. फेरी संपताना सरकारी खर्चाच्या जागा असतील तितकी वरची नावं आत, बाकीची घरी. म्हणून कुणी लवकर कुपन देतच नाही. खिशात कुपन घट्ट धरून पोरं यादीसमोर ताटकळत उभी राहतात, एकमेकांना गुण विचारतात आणि एकमेकांना थापा मारतात. डोंगराळ भागातल्या पोरांची यादी वेगळी लागते, एवढीच काय ती मेहरबानी.

पेरिझातचे गुण एकशे त्र्याऐंशी. निकाल लागला तेव्हा तुरातने मेंढा कापला, ऐंशी माणसं जेवली. गावातले सगळ्यांत वडीलधारे कालिल अक्साकाल, त्यांनी दोन्ही हात पसरून आशीर्वाद दिला, "ही पोर डॉक्टर होवो, आमच्या नाड्या बघो." ऐंशी जणांनी 'आमेन' म्हणत तोंडावरून हात फिरवले. झालं, ठरलं! दुसऱ्या दिवसापासून गावातल्या म्हाताऱ्या पेरिझातला आपले गुडघे दाखवायला लागल्या. तिला काय हवंय हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या फेरीत मेडिकलला आमच्या यादीत एकच जागा उरली होती. आजचा शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत खिडकी उघडी. आज हुकलं तर तिसऱ्या फेरीत उरलंसुरलं, आणि तेही नाही मिळालं तर पोर परत गावाला. फी भरून शिकवायची ऐपत कुणाची आहे? गावात परतलेल्या मुलीचं पुढे काय होतं ते मला माहीत आहे. पुढच्या उन्हाळ्यात लग्न.

सकाळी दहाला आम्ही मेडिकलच्या अंगणात पोचलो. मी कोपराने वाट काढत यादीपर्यंत गेले. सगळ्यांत वर नाव होतं आयझिरेकचं, एकशे एकोणऐंशी. आयझिरेक म्हणजे कालिल अक्साकालांचीच नात, पेरिझातच्या शेजारच्या घरातली, दोघी पहिलीपासून एका बाकावर.

"तुरात," मी दातओठ खाऊन म्हटलं, "ही पोर इथे कशी?"

तुरात खांबाआड सरकला. "मी गावात सांगितलं होतं की मेडिकल हुकलं, आता आम्ही नारिनला मास्तरकीच्या कॉलेजचं बघतोय."

"का?"

"सगळेच थापा मारतात, एजे! खरं सांगून कोण बसतं?"

"आणि ती बिचारी तुझ्यावर विश्वास ठेवून कुपन देऊन बसली. आता तू तिच्याच डोक्यावर पाय देऊन चढणार? ज्या म्हाताऱ्याने आशीर्वाद दिला त्याच्या नातीच्या?"

"मग काय करू? ऐंशी माणसांसमोर घेतलेला आशीर्वाद आहे. पोर डॉक्टर नाही झाली तर गावात तोंड कुठे लपवू?"

"सध्या खांबाआड लपवलंयस ते बरं दिसतंय," मी म्हटलं. पण खरं सांगते, मनातून मलाही तेच हवं होतं. घरात एक डॉक्टर! माझ्या रक्ताची! आयझिरेकचं वाईट वाटलं, नाही असं नाही, पण पेरिझातला मी हाताला धरून खिडकीकडे ओढलीच.

खिडकीतल्या बाईने दाखला हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"हे काय आहे?"

दाखल्याला लॅमिनेशन केलेलं होतं. वरपासून खालपर्यंत, उरलेल्या दोन कुपनांसकट, जाड चकचकीत प्लास्टिकमध्ये.

मी मागे वळून तुरातकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक. "पहिल्या फेरीत इतक्या हातांतून फिरला, कोपरे मुडपले होते," तो पुटपुटला. "म्हटलं, जन्मभराचा कागद. तालुक्याला एक माणूस छान करून देतो."

"जन्मभराचा! अरे बाबा, त्याचं कुपन फाडायचं असतं!"

रांगेतली पोरं खिदळायला लागली. मी खिडकीतल्या बाईच्या हातापाया पडले, कात्रीने प्लास्टिकसकट कापून घ्या म्हटलं. ती म्हणाली, "बाई, सही-शिक्का कागदावर पडायला हवा. प्लास्टिकवरचा शिक्का बोटाने पुसला जातो. मोकळं करून आणा, पाचपर्यंत मी इथेच आहे."

तुरातला यादीवर नजर ठेवायला तिथेच उभा केला आणि पोरीला घेऊन मी कारखान्यात आले. बायकांनी गणवेश बाजूला सारून मला टेबल दिलं. दाखल्यावर ओलसर फडकं, त्यावर कोमट इस्त्री, एक कड जरा सुटली की चिमट्याने धरायची, परत फडकं, परत इस्त्री. जास्त तापवली तर शाई जाणार, कमी तापवली तर कागद प्लास्टिकबरोबर फाटणार. एक वाजला. दोन वाजले. दर पंधरा मिनिटांनी तुरातचा फोन, "अजून आयझिरेकच वर आहे, लवकर करा." मी तीनदा त्याच्यावर खेकसले.

पेरिझात समोर बसून चिमटा धरत होती. मध्येच म्हणाली, "एजे, फाटला तर?"

"फाटला तर घरी जाशील, चुलीपुढे बसशील. तोंडातून बरं काहीतरी काढ."

"मी रडणार नाही, फाटला तरी."

मला इतका राग आला! मी घामाने निथळतेय, आणि ही म्हणते रडणार नाही. "तुला डॉक्टर व्हायचंय की नाही?" मी फाडकन विचारलं. रागात विचारलं, उत्तर हवं म्हणून नाही. तिने चिमट्याने पुढची कड धरली आणि मी परत इस्त्री फिरवायला लागले.

तीनला कुपन सुटलं. एका कोपऱ्याचा पापुद्रा गेला होता, पण आकडे शाबूत. वहीत घालून आम्ही धावत मार्शरुत्का पकडली. व्हॅनमध्ये माणसावर माणूस, खिडक्या बंद, बाहेर छत्तीस डिग्री. मी दारापाशी लोंबकळत मनातल्या मनात थांबे मोजत होते. मेडिकलला दोन थांबे उरले असताना व्हॅन थांबली आणि पेरिझात उतरली. वही छातीशी धरून सरळ चालायला लागली.

"अगं ए! हा थांबा नाही!"

तिने वळून बघितलं नाही. मी धडपडत उतरले, माझी एक चप्पल आतच राहिली. एका चपलेवर शंभर पावलं धावले असेन. ती एका जुन्या पिवळ्या इमारतीच्या फाटकात शिरली. वर पाटी होती, पाटबंधारे आणि जलव्यवस्थापनाच्या शिक्षणाची. मी पोचेपर्यंत ती खिडकीशी उभी. आत कुणीही नव्हतं, ना रांग ना गडबड. आमच्या यादीत दोन जागा, दोन्ही रिकाम्या.

"पेरिझात, हात मागे घे! वेड लागलंय का तुला?"

खिडकीतल्या माणसाने मोजपट्टी ठेवून कुपन टरकन फाडलं, सही केली, शिक्का मारला. चार वाजून दहा मिनिटं. मी तिथल्या बाकावर मटकन बसले.

"आयझिरेकसाठी केलंस?" मला रडू आवरेना. "तिने तुझ्यासाठी केलं असतं का असं? सांग ना!"

"आयझिरेकसाठी नाही केलं, एजे."

"मग?"

"मला हे शिकायचंय." आणि मग ती बोलायला लागली. घरात दोन वाक्यं न बोलणारी पोर, थांबेचना. दोन उन्हाळे ती पाटकऱ्याबरोबर पाटाच्या कडेने हिंडली होती. कुणाच्या शेताला पाण्याची पाळी कधी, पाटाचं दार किती वर उचललं की किती पाणी सुटतं, खुणा केलेली काठी घेऊन मोजायची. वरच्या वस्तीचं पाणी खाली पोचेपर्यंत निम्मं कुठे मुरतं ते तिने वहीत काढून ठेवलं होतं. "खालच्या शेतांना पाणी कमी का येतं ते मला कळलंय. पण दुरुस्त कसं करायचं ते कळत नाही. ते मला शिकायचंय. आणि रक्त बघितलं की मला घेरी येते. बाबांना सांगणारच होते, पण त्याआधीच मेंढा कापला."

तेवढ्यात तुरातचा फोन.

"कुठे आहात? पाऊण तास उरला!"

पेरिझात माझ्याकडे बघत होती. आता मी काय केलं ते ऐका, आणि मला हव्या तेवढ्या शिव्या द्या. मला वाटलं, हा बिचारा ऐंशी माणसांना काय सांगेल? आशीर्वाद मोडला म्हणून सांगेल? मी डोळे पुसले आणि म्हटलं, "तुरात, तुझ्या लेकीने जागा सोडली. आयझिरेकसाठी सोडली. म्हणाली, मैत्रिणीला ढकलून मला डॉक्टर व्हायचं नाही."

पलीकडून हुंदका आला. माझा दगड भाऊ, बाप गेला तेव्हा रडला नाही, तो मेडिकलच्या अंगणात रडत होता. "माझी पोर!" म्हणत होता. "एजे, मी खांबाआड लपलो होतो, आणि माझी पोर बघ!"

फोन ठेवला. पेरिझात म्हणाली, "असं का सांगितलंस?"

"तुझ्या भल्यासाठी. आता कुणी बोट दाखवणार नाही."

संध्याकाळी सहाला आम्ही कारखान्यात चहा घेत होतो. दार ढकलून आयझिरेक आत आली, मागून तुरात. पाच वाजता खिडकी बंद झाली तेव्हा तिचं नाव सगळ्यांत वर होतं. तिने पळत येऊन पेरिझातच्या गळ्यात मिठी मारली, मग तिथेच जमिनीवर बसून तिचे गुडघे धरले आणि ढसाढसा रडली. "मी तुझं कसं फेडू? सांग ना! जन्मभर विसरणार नाही मी."

"उठ आधी," पेरिझात म्हणाली. "आयझिरेक, ऐक. मी तुझ्यासाठी काही सोडलं नाही. मला पाटबंधाऱ्यालाच जायचं होतं. खरंच."

आयझिरेक आणखीच रडायला लागली. "बघा, एवढं करून वर असं म्हणते! मला ओझं वाटू नये म्हणून!"

"अगं, शपथ घेते. मला रक्त बघवत नाही."

"गप्प बस. तुला मी ओळखत नाही का?"

कारखान्यातल्या बायका डोळ्यांना पदर लावल्यासारखं गणवेशाचं कापड लावत होत्या. पेरिझातने माझ्याकडे बघितलं. तोंड उघडायची हीच वेळ होती. पण तुरात तिथे उभा होता, ताठ, छाती पुढे काढून, महिन्याभरात पहिल्यांदा हसत. मी चहा ओतत राहिले.

मग गावाहून फोन आला. तुरातने आवाज मोठा केला. कालिल अक्साकालांचा कापरा आवाज, मागे माणसांचा गलका, बहुतेक अख्खी गल्ली जमली होती. "जिने आपल्या तोंडचा घास मैत्रिणीला दिला, त्या लेकीला मोठं आयुष्य मिळो," ते म्हणाले. आम्ही सगळ्यांनी हात पसरले. पेरिझातनेही पसरले, आणि सगळ्यांबरोबर तोंडावरून फिरवले.

आयझिरेक आणि तुरात नान आणायला खाली गेले तेव्हा ती माझ्याजवळ आली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "एजे, आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्यासाठी काहीतरी घेतलं होतं. तेसुद्धा तू दुसऱ्या कुणाला देऊन टाकलंस."