दगडाच्या खालच्या चार ओळी

संचालकसाहेबांनी ज्या शिलालेखावर पीएचडी मिळवली, त्याचा त्यांनी फक्त वरचा अर्धा भाग वाचला होता. दोष त्यांचा नव्हता. खालचा भाग चौथऱ्याच्या सिमेंटमध्ये होता, आणि अर्ध्या दगडावर अख्खी पदवी मिळत असेल तर फोडाफोडीच्या भानगडीत पडतो कोण? वरच्या चार ओळींनुसार ही विहीर राजाने प्रजेसाठी खणली होती.

आज संग्रहालयाच्या नव्या दालनाचं उद्घाटन होतं. दगड तिकडे न्यायचा म्हणून गवंड्याने सकाळी चौथरा फोडला, तर खालून आणखी चार ओळी निघाल्या. शिलालेखांचे ठसे घेणाऱ्या बाईंनी दगड धुतला आणि बोट फिरवत वाचला.

“काय म्हणतोय?” गवंड्याने विचारलं.

“वरचं राजाच्या माणसांनी कोरलं. विहीर आम्ही कुंभारणींनी खणली. राजा आला तेव्हा पाणी लागून दोन वर्षं झाली होती. त्याच्या घोड्यालाही पाजलं, पण विहीर त्याची नाही.”

“हे कोरू कोणी दिलं त्यांना?”

“विचारलंच नसेल.”

साहेब आले, चष्मा पुसून वाचू लागले आणि नव्याने निघालेल्या पाचव्या ओळीशी थांबले. “खालचं परत सिमेंटमध्ये जाऊ दे. नव्या दालनातही तसाच बसवा.”

“साहेब, लेख आत्ता कुठे पूर्ण झालाय.”

“तीस वर्षं वाचतोय मी हा लेख.”

“अर्धा.”

साहेबांनी चष्मा खिशात ठेवला. “तुमचा करार या महिन्यात संपतो ना? सही माझीच लागते.”

त्या सहीसाठी बाई बारा वर्षं ‘हो साहेब’ म्हणत आल्या होत्या. इतकं, की एकदा घरी नवऱ्यालाही म्हणून गेल्या, आणि त्या भल्या माणसाने ते आठवडाभर मनावर घेतलं होतं. आज शब्द ओठांवर आला आणि तिथेच अडला.

साहेब फोनवर बोलायला बाहेर गेले. बाईंनी ओला कागद दगडावर पसरला आणि ब्रशने ठोकून अक्षरांत बसवला. साहेब परतले तेव्हा गवंडी घमेलं घेऊन नुसता उभा होता.

“ओला ठसा अंगावर असताना दगडाला हात लावायचा नाही,” बाई म्हणाल्या. “नियम सातवा.”

“तो मी लिहिलाय!”

“म्हणून तर पाळतेय.”

“किती वेळ?”

“वाळेपर्यंत.”

दर दहा मिनिटांनी बाई कागदावर पाणी शिंपडत राहिल्या. कागद वाळण्याआधी घमेल्यातल्या सिमेंटचाच दगड झाला.

“हा काही आज वाळत नाही,” गवंडी म्हणाला.

“हवा दमट आहे.”

“पंखा लावू?”

“लावून बघा.”

त्याने लावला नाही.

पाहुणे आले. नव्या दालनात रिकामा चौथरा पाहून प्रमुख पाहुण्या थेट इकडेच वळल्या. मागोमाग पत्रकार आणि सगळ्यात शेवटी साहेब. बाईंनी शिंपडणं थांबवलं, कागद आंबट-ओला होऊ दिला आणि शाईची पुरचुंडी फिरवली. काळ्यातून पांढरी अक्षरं वर आली.

“खाली काय लिहिलंय?” प्रमुख पाहुण्यांनी विचारलं.

“विशेष काही नाही,” साहेब म्हणाले. “नंतरची भर आहे.”

“नंतरचीच,” बाई म्हणाल्या. “आधी कोणी खोटं कोरल्याशिवाय खरं कोरायची पाळी येत नाही.”

साहेबांनी करार आजच संपल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी कोपऱ्यात तारीख टाकली, खाली स्वतःची सही केली आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात पाचव्या ओळीपासून वाचायला घेतलं.