बाजारात उंदीर पडला

वसईच्या जुन्या बाजारपेठेतला आपला गाळा ज्या दिवशी उघडायचा, त्याच सकाळी दिनानाथला धान्याच्या कोठीमागे मेलेला उंदीर सापडला. मांजराने धरल्याची खूण नव्हती. आढ्यावरून पडावा तसा उताणा पडला होता.

दिनानाथ लहान असताना या पेठेत असेच उंदीर पडले होते आणि मागोमाग प्लेग, गाठीचा ताप, आला होता. लोकांनी घरे सोडून गावाबाहेरच्या वाड्यांत झोपड्या बांधल्या. परत आले तेव्हा त्याची थोरली बहीण सोबत नव्हती. पेठही पुन्हा पहिल्यासारखी भरली नाही. पुढे गिऱ्हाईक स्टेशनाजवळच्या दुकानांकडे वळले ते वळलेच.

ही पेठ पुन्हा उभी करायची कल्पना दिनानाथचीच. देश स्वतंत्र झाला, आता आपल्या बाजारानेच का मरून पडावे, असे म्हणत तो वर्षभर दारोदार फिरला होता. बंद गाळे उघडवले, भिंतींना चुना लावून घेतला, गटारे उपसून घेतली. आज सगळी दुकाने एकदम उघडणार होती. जवळच्या गास गावाहून बैलगाड्या निघाल्या होत्या. पूजेसाठी त्याची बायको रुक्मिणी धाकट्या लेकीला, मंदाला घेऊन येणार होती.

त्याने उंदीर चिमट्यात धरून मागच्या अंगणात नेला, रॉकेल ओतून काडी लावली. विषाने मेला असेल, अशी मनाची समजूत घातली. पण विष घातले कोणी? धुराबरोबर त्याची नजर वर गेली. शेजारच्या अंगणातूनही धूर निघत होता. त्याच्या पलीकडूनही.

तो रस्ता ओलांडून फर्डिनंडच्या बेकरीत गेला. फर्डिनंड त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. भट्टी पेटली होती, पण पाव एकही लावलेला नव्हता.

"उंदरांना औषध घातलं होतंस का रे?"

"पाव भाजतो तिथं औषध कोण घालील, दिना? तुझ्याकडे किती?"

"एक."

"नशीबवान आहेस. माझ्या मैद्याच्या पोत्यांमागं तीन होते."

सगळ्यांना ठाऊक आहे, पण कोणी तोंड उघडणार नाही, असे फर्डिनंडने सांगितले. आज दुकाने मिटली तर पुन्हा उघडायची नाहीत.

"एकानंही मागं फिरायचं नाही, हे तूच म्हणाला होतास. आता तूच काय ते सांग."

एवढ्यात पेठेच्या तोंडाशी गाड्या थांबल्या. मंदा आईचा हात सोडून गाळ्याकडे पळत सुटली. दिनानाथ धावत आडवा गेला. तिला उचलायला त्याचे हात पुढे झाले आणि तसेच राहिले.

"लांब राहा," तो म्हणाला. मग मागे येणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "उंदीर पडलेत. परत फिरा."

गाड्या वळवताना बैल एकमेकांत अडकले. "झाली पेठ उभी," कोणीतरी पुटपुटले. रुक्मिणीने मंदाचे मनगट घट्ट धरले.

"तुम्ही चला ना आमच्याबरोबर."

"मी आत होतो. पोरीला घेऊन वाडीत राहा. मी तिकडं येणार नाही."

"कुठवर?"

ती मागे वळून बघत गेली.

रस्ता रिकामा झाल्यावर फर्डिनंड बेकरीच्या पायरीवरून खाली उतरला आणि थोड्या अंतरावर थांबला. दोघांपैकी कोणीही आणखी जवळ गेले नाही.