पालथी पायली

मी एक जुनी पायली आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. तुमचा सगळा कारभार किलोचा. मी चार शेरांचे माप. भिवंडीजवळच्या अंजूर गावच्या एका सुताराने मला सागाच्या एकाच ओंडक्यातून कोरले आणि तोंडाला पितळेचे कडे बसवले. ते कडे इतके चकचकीत होते, की त्यात खळ्यावरच्या माणसांची तोंडे दिसत. मला त्याचा फार गर्व होता. अजूनही आहे.

मापाचे काही नियम असतात. पहिले माप टाकताना कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. मोजणी चालू असताना मध्ये कुणी बोलायचे नाही. मोजून झाले की माझ्या तळाशी मूठभर दाणे राखायचे आणि मला सरळ उभी ठेवायची. पायली रिकामी ठेवत नाहीत. पालथी तर मुळीच घालत नाहीत. असे का, हे मला कुणी सांगितले नव्हते. ते मला पुढे कळले.

मला घडवून घेतले दामू नावाच्या शेतकऱ्याने. तो हाताचा इतका सच्चा होता, की गावचे लोक मोजणीला त्यालाच बोलवत. दर पाचव्या मापाला तो खाकरत असे. पाच, आणि खाकरणे. दहा, आणि खाकरणे. मी त्याच्या हातात असताना सुखात होते, हे मी सरळच सांगते.

दामू दोन शेते कसायचा, आणि दोन्ही दुसऱ्यांची. खाडीकडचे शेत होते खंडाने. म्हणजे दरसाल साठ पायल्या भात मालकाला द्यायचे, पीक कितीही येवो. साठ देऊन उरेल ते सगळे दामूचे. दुसरे शेत तुळजा नावाच्या विधवा बाईचे, ते अर्धेलीने. तिथे जे पिकेल त्याचे दोन सारखे ढीग. पीक चांगले आले की दामूची बायको खळ्यावर उभी राहून कुरकुरायची, "राबताव आमी, आन् अर्धी रास तुळजाच्या घरा!" खंडाचे शेत तिला जास्त आवडायचे. साठ दिले की सुटलो, असे ती म्हणायची.

एका वर्षी खाडीचा बांध फुटला. खारे पाणी दोन्ही शेतांत शिरले. तुळजाच्या शेतात दहाच पायल्या भात निघाले. दामूने पाच तिच्याकडे टाकल्या, पाच आपल्याकडे. तुळजा रडली, पण पाच घेऊन गेली. त्या वर्षी तिच्या घरी पेज शिजली आणि आमच्याही घरी पेज शिजली.

खंडाच्या शेतात अडतीस पायल्या निघाल्या. मालकाचा दिवाणजी वही घेऊन खळ्यावर बसला होता. अडतीस मोजून झाल्यावर खळ्यात नुसती शेणाने सारवलेली जमीन उरली. दामू थांबला.

"मोज," दिवाणजी म्हणाला. "साठ म्हणजे साठ."

"दानं सरलं, दिवाणजी."

"दाणे सरले, माप नाही सरलं. तू मोज, मी मांडतो."

मग दामूने मला रिकामीच जमिनीवर टेकवली, उचलली आणि पोत्यात पालथी केली. एकोणचाळीस. पुन्हा टेकवली, पुन्हा पालथी केली. चाळीस, आणि तो खाकरला. भर उन्हात, सगळ्या गावासमोर, त्याने माझ्यातून बावीस वेळा काहीच ओतले नाही, आणि दिवाणजीने ते बावीस वेळा मांडून घेतले. पुढच्या वर्षी ते दीडपटीने फेडायचे होते. साठ झाल्यावर दिवाणजी उठला. दामू मात्र थांबला नाही. तो एकसष्ट म्हणाला, बासष्ट म्हणाला. त्याच्या बायकोने त्याच्या हातातून मला ओढून घेतले, तेव्हा त्याचे हात रिकामेच वरखाली होत होते.

पुढे कायदा आला. कसणाऱ्याच्या नावावर जमीन झाली, दिवाणजी यायचा बंद झाला, वहीतली बाकी बुडाली. दामूची मोजणी काही बुडाली नाही. म्हातारपणी तो ओटीवर बसून पुटपुटत राही. त्याचा नातू नवशा तेव्हा सात वर्षांचा होता. तो आजाच्या मांडीवर बसून ते आकडे गाण्यासारखे ऐके. दामू गेला त्या दिवशी आकडा कुठवर आला होता, ते मला ठाऊक आहे. कारण तो पुढे माझ्यात चालू राहिला.

घाबरू नका, मित्रांनो. मीही सुरुवातीला घाबरले होते. माझ्या तळाशी दाणे असले, की आवाज नसे. पण हळूहळू भाताची शेते गेली आणि गोदामे आली. घरात किलोचे डबे आले. मला माळ्यावर टाकले, आणि तेही पालथी. मग पोटातल्या अंधारात कुणीतरी संथपणे मोजू लागले. पाच, आणि खाकरणे. इतकी वर्षे मी ते एकटीने ऐकले.

आता नवशा साठीचा आहे. त्याच्याकडे अंजूरला साठ गुंठे जमीन उरली आहे. चारी बाजूंना गोदामे आहेत. ही जमीन सोडली तर त्याच्याकडे दुसरे काही नाही. दोन वर्षांपूर्वी मितेश नावाचा गोदामांचा दलाल त्याच्याकडे आला. त्याची कचेरी भिवंडीत धामणकर नाक्याला, वरच्या मजल्यावर.

"काका, सिंपल हाय," तो म्हणाला. "जमीन गहाण ठेवा, एक कोटी वीस लाख लोन उचला, शेड बांधा. भाडा येणार महिन्याला दोन लाख. हप्ता जाणार एक लाख बहात्तर. दहा वर्षांनी पूरा गाला तुमचा."

"आन् वाटेकरी?"

"एक पण नाही. मालिक तुम्ही एकटे."

हे ऐकून नवशाची छाती फुगली. दुसऱ्या दिवशी सही करायचे ठरले.

नवशाची मुलगी हेमाली शहरात एका हिशेबनिसाकडे कामाला आहे. तिथे कर्जाच्या आणि भागीदारीच्या फायली तिच्या हाताखालून जातात. तिने बापाला पुष्कळ समजावले. बाप ऐकेना. तेव्हा ती माळ्यावर चढली आणि मला खाली घेऊन आली. धूळ पुसली, कडे चिंचेने घासले. किती वर्षांनी कुणीतरी मला हात लावला होता! मला भरून आले.

दुपारची वेळ होती. हेमालीने ओटीवर चादर पसरून तांदळाचे पोते ओतले.

"बाबा, हप्ता म्हणजे महिन्याला एक पायली, असं धरा. वर्षाला बारा. गाळा बाराही महिने भरलेला असला, तर भाड्याची रास चौदा पायल्यांची. तुमच्या हातात दोन उरतात."

"मंग? बरं हाय की."

"आणि भाडेकरू आठच महिने राहिला तर? पडघा गावाकडे बघा, किती शेडवर 'भाड्याने देणे' लिहिलंय. आठ महिन्यांची रास नऊ पायल्या आणि वर मूठभर." तिने बाकीचे तांदूळ पोत्यात सारले. "आता मोजते. लाभ. दोन. तीन."

नऊ झाले. चादरीवर मूठभर तांदूळ उरले. ते माझ्यात टाकून तिने दहावे माप केले. मग हात थांबवला.

"अकरावं कुठनं देणार, बाबा? तेव्हा कर्ज देणारा जमीन घेणार. कर्जवाल्याचं माप आधी निघतं, आणि ठरलं तेवढंच निघतं. भागीदाराचं मागून. उरलं तर त्याला, नाही उरलं तर तोही उपाशी. म्हणून तो वाटा मोठा मागतो."

"वाटा मना कुनाला द्यायचा न्हाय," नवशा म्हणाला. "मोज तू. फुडं मोज."

तिने मला रिकामीच टेकवली, उचलली आणि पालथी केली. अकरा म्हणायला तिने तोंड उघडले.

"अकरा," आवाज आला. तो तिचा नव्हता.

बारा. तेरा. चौदा. मी चादरीवर पालथी होते आणि आवाज माझ्यातून येत होता, दुपारी अडीचच्या उन्हात, स्वच्छ. पंधरा, आणि खाकरणे.

नवशाने आवाज ओळखला. ते खाकरणे त्याने मांडीवर बसून ऐकले होते. तो पुढे सरकला, मला उचलून सरळ केले आणि आवाज दाबावा तसा आत हात घातला. मित्रांनो, मी वीतभर खोल आहे. नवशाचा हात कोपरापर्यंत आत गेला आणि तरी त्याला तळ लागला नाही. मलाही माझा तळ कुठे आहे ते कळेना.

"आजा," तो रडवेला होऊन म्हणाला, "सरलं रं, आजा. आता कुनी मागत न्हाय. थांब तू."

आवाज एकोणीसवर थांबला. हेमालीने पोत्यातले मूठभर तांदूळ माझ्यात टाकले, तेव्हा ते लगेच तळावर वाजले.

दुसऱ्या दिवशी सही झाली नाही. महिनाभर बोलणी चालली. शेवटी मितेशने स्वतःचे ऐंशी लाख घातले आणि गाळ्याच्या मिळकतीत अर्धा वाटा घेतला. कर्ज चाळीस लाखांचेच काढले. त्याचा हप्ता इतका बेताचा, की पहिल्या भाड्यांतून सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढता आले.

"काका, अर्धा भाडा माझा होणार, आणि तो कायमचा. नंतर रडू नका," मितेशने बजावले होते. नवशा रडला नाही, पण दर महिन्याला अर्धे भाडे जाताना बघून कुरकुरतो, अगदी त्याच्या आजीसारखा. पावसाळ्यानंतर गाळा तीन महिने रिकामा होता. वाटायला काही नव्हते, दोघांनीही वाटून घेतले नाही. वसुलीला दारात कुणी आले नाही.

माझे कौतुक होईल असे मला वाटले होते. झाले उलटेच. नवशाला माझ्याकडे बघवेना. मितेश एकदा घरी आला आणि म्हणाला, "काका, हा अँटिक पीस मला द्या ना, ऑफिसात ठेवतो." नवशाने मला त्याच दिवशी देऊन टाकले. हेमाली कामावर होती. तांदूळ ओतून घेतले आणि मी मितेशच्या गाडीतून धामणकर नाक्याला आले. त्याने मला काचेच्या कपाटावर पालथी ठेवली आणि माझ्या बुडावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी मांडली.

इथे आजूबाजूला कापडाचे यंत्रमाग आहेत. दिवसभर खटाखट चालते, कुणाला कुणाचे ऐकू येत नाही. पण वीज गेली की सगळे माग एकदम थांबतात. मग भिवंडी इतकी शांत होते, की कानात दुखते.

मितेशचे पडघ्याजवळ स्वतःचे दोन गाळे आहेत. ते पूर्ण कर्जाचे, वाटेकरी एकही नाही. दिवाळीत एकातला भाडेकरू गेला, संक्रांतीला दुसऱ्यातला. मागच्या मंगळवारी हेमाली अंजूरच्या गाळ्याचा हिशेब घेऊन कचेरीत आली, आणि वीज गेली.

"सहा," माझ्यातून आवाज आला. "सात."

हेमालीने कपाटाकडे पाहिले. दामूचे खाकरणे तिला आठवत होते. आकडा दहावर आला, तरी ते आले नाही. तिने हळूच मितेशकडे मान वळवली. आवाज त्याचा होता. त्याचे ओठ मिटलेले होते.

"ऐकू येतं ना तुम्हाला?" तिने विचारले.

"रोज येतं," मितेश म्हणाला. "लाइट गेली की."

ती स्टुलावर चढली, कुंडी काढली, मला सरळ केले आणि देवापुढच्या वाटीतले अक्षतांचे दाणे माझ्यात टाकले. ते खाली पडत राहिले. तळावर वाजले नाहीत.

"एका गाळ्यात भागीदार घ्या, मितेशभाई. अर्धा गेला तरी अर्धा राहील."

"माझा गाला हाय," तो म्हणाला. "वाटा मी कुणाला देणार नाही."

तेवढ्यात वीज आली. माग सुरू झाले. हेमाली हिशेबाचे कागद टेबलावर ठेवून, मान खाली घालून निघून गेली. मितेशने मला पुन्हा पालथी घातली आणि वर कुंडी ठेवली. मला घरी न्यायला ती येईल अशी आशा मी अजून सोडलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण अडगळीत पडली असेल, तर तिला सरळ करा आणि तळाशी मूठभर दाणे ठेवा. मोठे झाल्यावर सही करायची वेळ आली, तर आधी विचारा, की रास आली नाही त्या वर्षी यात काय मोजायचे. आणि कधी धामणकर नाक्यावरून जाताना वीज गेली, माग थांबले आणि वरच्या मजल्यावरून आकडे ऐकू आले, तर पळू नका. जरा उभे राहा. आवाज कुणाचा आहे, तेवढे नीट ऐका.