सतरंजीचं दुसरं टोक

मित्रांनो, मी जुनी आहे हे वेगळं सांगायला नको, माझी भोकं बघूनच ते तुम्हाला कळेल. मी अकोटची सतरंजी. बारा हात लांब, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची. माझ्यावर बसून लोकांनी प्रार्थना केल्या, लेकरं निजवली, भाकरी खाल्ल्या. आणि एका माणसाने कपाळ टेकून टेकून माझा एक निळा पट्टा पार विटवून टाकला. मी सांगणार आहे ती गोष्ट त्या माणसाची. त्यात माझंही आयुष्य आलंच.

अकोटच्या एका विणकर चाचांनी मला विणलं. जमिनीवर आडवा माग मांडून ते बसत आणि लोखंडी पंजाने, म्हणजे धागे दाबायच्या फणीने, मला असं ठोकत की विचारू नका. "कसके बैठेगी, तभी टिकेगी," असं ते स्वतःशीच म्हणत. पुढच्याच वर्षी कुठे तरी साता समुद्रापलीकडे लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. सगळा कापूस मुंबईकडे निघाला. चाचांना सूत मिळेना. माझ्यामागून त्या मागावर मला बहीण आलीच नाही.

मला घेतलं ते अमरावतीच्या ख्रिस्ती मंडळीने. मंडळी म्हणजे उणीपुरी बारा घरं. त्यांचं देऊळ म्हणजे एक कौलारू पडवी आणि अंगणात एक कडुनिंब. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, होते भगवंतराव, नगरकडून आलेले. सोबत त्यांची बायको सत्यभामाबाई. ज्यांनी पूर्वी एकमेकांच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, ती माणसं माझ्यावर मांडीला मांडी लावून बसत. पाळकही त्यांच्यातच बसत, कडेला, जिथे जागा उरेल तिथे. ते दिवस आठवले की मला अजून बरं वाटतं.

भगवंतरावांचा जिवाभावाचा माणूस म्हणजे गोवर्धन. बैलगाडी हाकायचा. मंडळीतला वडीलधारा. परक्या गावात पाळकांना घर मिळेना, तेव्हा देवळालगतची खोली बांधून होईपर्यंत यानेच आपली अर्धी ओसरी रिकामी करून दिली होती. दोघं सख्ख्या भावांसारखे वागत, आणि भांडतही तसेच.

आता माझी एक खोड सांगते. मला एकट्याने झटकता येत नाही. दोन टोकांना दोन माणसं लागतात, आणि दोघांचा झटका एकदम बसला नाही तर सगळी धूळ त्यांच्याच तोंडावर येते. हे बघून भगवंतरावांनी एक रीत घातली. महिन्यातून एका रविवारी मंडळी प्रभूच्या आठवणीत भाकर मोडून वाटून खाई, ते प्रभुभोजन. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, ज्या दोघांच्या मनात एकमेकांबद्दल आढी असेल त्यांनी येऊन मला झटकायचं. मला झटकल्याशिवाय अंथरायचं नाही, आणि मला अंथरल्याशिवाय भाकर मोडायची नाही. मंडळीतली मैनाबाई आणि तिची सून यांनी एका वर्षात मला चार वेळा झटकलं. फुगलेल्या तोंडाने यायच्या, खोकत खोकत हसायला लागायच्या. माणसांची मनं माझ्या धुळीबरोबर मोकळी होतात याचा मला फार अभिमान होता.

मग कापसाची धांदल वाढली. रस्त्याने गाड्यांची रीघ लागली, बाजारात रुईचे डोंगर पडले, बाहेरगावचे मजूर लोंढ्याने आले. गोवर्धन लागोपाठ तीन रविवार उपासनेला आला नाही. भगवंतरावांच्या मनाने घेतलं की हासुद्धा कापसामागे लागला. चौथ्या रविवारी गोवर्धन आला आणि मागे टोकाला बसला. चेहरा ओढलेला, डोळे खोल गेलेले. कुणीही आधी विचारलं असतं की बाबा, तुला काय झालं? भगवंतरावांनी विचारलं नाही. त्यांनी उपदेशातच त्याचं नाव घेतलं.

"आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनाच कापसाची गाडी प्रभूच्या दिवसापेक्षा मोठी झाली, तर लहानांनी कुणाकडे बघावं? गोवर्धना, मी तुझ्याबद्दल बोलतो आहे."

सगळे माझ्या पट्ट्यांकडे बघू लागले. गोवर्धन उठला.

"पाळकबाबा, एकट्यात इचारलं असतं तं सांगतलं असतं," तो म्हणाला आणि पागोटं सावरत निघून गेला.

दुपारी सत्यभामाबाईंनी नवऱ्याला खरं काय ते सांगितलं. बाजारातल्या मजुरांमध्ये पटकीची, जुलाब-उलट्यांची, साथ शिरली होती. व्यापाऱ्यांनी आजारी माणसांना उचलून रस्त्याकडेला टाकलं होतं. गोवर्धन कापसाची वाहतूक सोडून त्या माणसांना चांदूर बाजारच्या वाटेने त्यांच्या त्यांच्या गावी पोचवत होता. सत्यभामाबाई रोज त्याच्या गाडीत पेजेचं मडकं ठेवत होत्या.

"मला का नाही सांगितलंस?" भगवंतराव म्हणाले.

"केव्हा सांगू? दोन महिने झाले, तुम्ही घरात येता ते उद्याचा उपदेश पाठ करतच. मंडळीतल्या प्रत्येकाची विचारपूस होते. माझं काय चाललंय, ते विचारलंत कधी?"

भगवंतराव उठले. पगडी घातली. गोवर्धनचं घर एका शेताच्या अंतरावर होतं. आपल्याच दारापर्यंत गेले, थबकले, आणि पगडी काढून परत येऊन बसले. "पाळकच चुकला म्हटल्यावर मंडळीवर वचक राहील का?" असं पुटपुटले. वचक म्हणे. त्या क्षणी मला तोंड असतं तर मी त्यांना चांगलं सुनावलं असतं.

पुढच्या प्रभुभोजनाचा शनिवार आला. मला झटकायला त्या दोघांनीच यायला हवं होतं. गोवर्धन आला नाही, आणि भगवंतरावांनी त्याला बोलावलं नाही. मग त्या शहाण्या माणसाने काय करावं? माझं एक टोक कडुनिंबाच्या खोडाला बांधलं आणि दुसऱ्या टोकाने एकटेच मला झटकायला लागले. झाड हलेना. धूळ तोंडावर आली. सत्यभामाबाई पडवीतून बघत होत्या.

"माणसाच्या जागी झाड बांधलंत का हो?" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यानंतर त्या घरात कामापुरतं बोलणं उरलं.

मित्रांनो, असे चार शनिवार गेले. प्रत्येक महिन्याला एक गाठ. भगवंतराव उपदेश करायचे, शब्द तेच असायचे, पण ऐकणाऱ्यांच्या मनाला लागायचे नाहीत. लोक येईनासे झाले. माझ्यावर जिथे तीस माणसं दाटीने बसत, तिथे सात उरली. भगवंतरावांनी स्वतःसाठी कुणाची तरी एक खुर्ची आणवली आणि उपासनेला ते तिच्यावर बसू लागले. दिवसभर ते पडवीत माझ्यावर पालथे पडून राहायचे, कपाळ घासायचे, रडायचे. "देवा, मला नम्र कर, नाही तर मला उचल," म्हणायचे. त्यांचं रडणं खोटं नव्हतं, ते मला भिजवून जायचं. पण अहो, देव तरी काय करणार? ते एक शेत त्यांनाच ओलांडायचं होतं. रोज वाटायचं, आज जातील. रोज माझा जीव खालीवर व्हायचा.

पाचव्या शनिवारी ते मला झाडाला बांधत होते, तेव्हा मैनाबाई धापा टाकत आली.

"पाळकबाबा, गोवर्धन पटकीनं पडला. सकाळपासून पानी ठरून नाई राह्यलं पोटात. तुमी काय करून राहिले इथं?"

भगवंतरावांनी गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. त्यांनी मला असा हिसका दिला की माझा कोपरा फाटून झाडालाच लटकत राहिला. उरलेली मी त्यांच्या खांद्यावर. डोकं उघडं, पाय अनवाणी, तसेच ते शेतातल्या कापसाच्या पऱ्हाटीतून धावले. मला बरोबर का नेलं हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

गोवर्धनच्या बायकोने, दुर्गाबाईने, मला बाहेरच्या ओट्यावर टाकायला लावलं. आत काय दिसलं ते मला माहीत नाही. मी फक्त ऐकलं.

"गोवर्धना, मी चुकलो. न विचारता बोललो. सगळ्यांसमोर बोललो. आणि कळल्यावरही आलो नाही, ते सगळ्यात वाईट केलं. ऐकतोस ना?"

ते पुन्हा पुन्हा तेच बोलत राहिले, आवाज बसेपर्यंत. मग आतून दुर्गाबाईचा हंबरडा आला.

भगवंतराव बाहेर येऊन माझ्याशेजारी ओट्यावर बसले. दुर्गाबाई दारात आली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, "त्याने ऐकलं असेल का?"

"मले काय माईत," ती म्हणाली.

गोवर्धनला माती दिली तेव्हा भगवंतरावांनी सगळ्या मंडळीसमोर आपला अपराध सांगितला, एकही सबब न देता. खुर्ची त्यांनी ज्याची त्याला परत केली. त्या सांजेला ते सत्यभामाबाईंजवळ चुलीपाशी बसले आणि म्हणाले, "तुझं काय चाललंय, ते सांग." त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग बोलल्या.

पुढच्या प्रभुभोजनाचा शनिवार उजाडला. भगवंतराव माझं एक टोक हातात घेऊन अंगणात उभे राहिले. झाडाकडे गेले नाहीत. नुसते उभे. ऊन चढलं, उतरायला लागलं. दुसरं टोक मातीत पडून होतं, आणि ते धरणारा माणूस तर मातीखाली होता. मला वाटलं, आता मला कधीच कुणी झटकणार नाही.

मग दुर्गाबाई आली. वाकली आणि तिने माझं फाटकं टोक उचललं.

"मी माफ केलं असं समजू नका, पाळकबाबा. सतरंजी एकट्यानं झटकत नाई, म्हून आली. उचला आता."

दोघांनी मला उचललं. पहिला झटका चुकला. दुसराही चुकला. दोघांच्या तोंडावर धूळ उडाली, आणि त्या धुळीत दोघंही रडत होती. किती झटक्यांनी जमलं ते मी मोजलं नाही.

मित्रांनो, माझा तो फाटका कोपरा पुढे कुणी शिवला नाही. भगवंतरावांनीच शिवू दिला नाही. नवा माणूस मंडळीची सेवा करायला आला की ते त्याला आधी तो कोपरा हातात धरायला लावत. मला जपा, उन्हात टाका, वाळवीपासून वाचवा, हे मी सांगेनच. पण तुमच्यापैकी कुणाच्या हातात आज माझ्यासारखंच एकच टोक असेल, तर त्याने माझी घडी घालत बसू नये. आधी उठावं, ते एक शेत ओलांडावं. पलीकडचं माणूस अजून ऐकू शकतंय.