घमेल्यातला सोडा

रसायनशास्त्राचे बद्रीनाथ सर कुणावर विश्वास ठेवत नसत. दूधवाल्यावर नाही, एसटीच्या कंडक्टरवर नाही, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणाऱ्या चतुराबाईंवर तर मुळीच नाही. बाई चिकलठाण्याहून यायच्या, हंगामी होत्या, आणि जूनमध्ये त्यांना कायम करायचं की घरी बसवायचं हे सरांच्या एका शब्दावर होतं.

होळीच्या सुमाराला धुण्याच्या सोड्याचा पाच किलोचा डबा आला. काचेसारखे स्वच्छ खडे. असल्या वस्तूला पाय फुटतात, हे सरांना पक्कं ठाऊक. बंद डब्यात किती उरलाय ते दिसत नाही, म्हणून त्यांनी सगळा सोडा घमेल्यात ओतला आणि घमेलं खिडकीत, आपल्या टेबलासमोर उघडं ठेवलं. वर दर शनिवारी तोलायचा. काय तो बंदोबस्त!

पहिल्याच शनिवारी पाव किलो कमी भरला.

“बाई, सोडा कमी झालाय.”

“म्या हात नाय लावला, सर.”

“मग काय वाऱ्यानं नेला? पुन्हा कमी भरला तर प्राचार्यांकडं जाईन.”

पुढच्या शनिवारी सोडा बरोबर पाच किलो भरला. त्याच्या पुढच्याही. दुसरा कुणी असता तर निश्चिंत झाला असता, पण सरांचा संशय उलट बळावला. दम दिल्यावर माल जागेवर राहतो, म्हणजे चोर हीच! पाडवा झाल्यावरच्या शनिवारी पुन्हा पाच किलो भरला, तेव्हा त्यांनी प्राचार्यांच्या कानावर घातलंच, की बाईचा हात स्वच्छ नाही. प्राचार्य म्हणाले, “दुपारी काढून टाकू.”

त्या दिवशी अकरावीला मोल शिकवायचे होते. सरांनी घमेल्यातला मूठभर सोडा बशीत घेतला आणि वर्गात गेले.

“असे सोड्याचे पाच किलो खडे आहेत. मोल किती?” एका मोलचं वजन त्यांनी फळ्यावर लिहिलं, दोनशे शहाऐंशी ग्रॅम. पाच हजाराला दोनशे शहाऐंशीनं भागलं. साडेसतरा मोल.

पहिल्या बाकावरची सुगंधा म्हणाली, “सर, तुम्ही खडे म्हणालात. ही तर पांढरी भुकटी हाय.”

“पाणी उडालंय,” सर दरवर्षीच्या सवयीनं सांगू लागले. “खड्यात सोड्याच्या एका रेणूमागं पाण्याचे दहा असतात. कोरड्या हवेत उघडा ठेवला की नऊ निघून जातात. मोल तेवढेच राहतात, पण एका मोलचं वजन एकशे चोवीसवर येतं.” बोलता बोलता त्यांनी साडेसतराला एकशे चोवीसनं गुणलं. दोन किलो आणि वर थोडं.

हातातला खडू थांबला. घमेल्यात दोन किलो आणि वर थोडं उरायला हवं होतं. सकाळी तर पाच भरलं होतं!

इतके दिवस ते वजन बघत होते, सोड्याकडं नीट बघितलंच नव्हतं. पाव किलो खरंच वाऱ्यानं नेला होता, आणि घमेलं उघडं ठेवलं होतं त्यांनीच. मग वरचा पावणेतीन किलो आला कुठून? चोर कधी पदरची भर घालतो का? सरांच्या तोंडचं पाणी पळालं. तास अर्धा टाकून, बशी हातात घेऊन ते तसेच प्रयोगशाळेत आले.

“बाई, घमेल्यात सोडा तुम्ही टाकत होतात?”

धुतलेली नळी चतुराबाईंच्या हातात तशीच राहिली. “शहागंजाच्या बाजारातून इकत आणत व्हते, सर. सकाळी तोलून तोलून टाकायचे. जास्त पडला का? काढून घेते, पर मला कामावरून काढू नका.”

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “जास्त नाही पडला, बाई. तुम्ही घेतलाच नव्हता. तो सुकून कमी झाला. चूक माझी. आत्ता जाऊन प्राचार्यांना सांगतो.”

बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. ह्या माणसाचं काय खरं? घमेलं उचलून त्यांनी तराजूत ठेवलं.

“आधी तोला, सर. माझ्यासमोर. मग जावा.”

सरांनी मुकाट्यानं वजनं चढवली. सोडा मूठभर कमी भरला.

“म्या नाय घेतला!” चतुराबाई घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या. मग त्यांची नजर सरांच्या हातातल्या बशीवर गेली.